स्मरणशक्ती नावाचा दोष

इलेक्ट्रॉनिक्स म्हटलं की ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांनीही हा लेख वाचावा अशी आधीच विनंती. गणित जवळजवळ नाही. गोष्ट मात्र आहे, आणि ती पॅरिस, कलकत्ता, कॅलिफोर्निया अशी बरीच फिरते. मेमरिस्टर नावाच्या एका चिमुकल्या वस्तूची ही गोष्ट. गेले काही महिने मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचतोय आणि डोक्यात एकच विचार पुन्हा पुन्हा येतोय, तो शेवटी सांगतो.

सुरुवात घरातल्या तीन वस्तूंपासून करू. इस्त्रीतलं कॉइल, छताच्या पंख्याचा कपॅसिटर आणि जुन्या ट्यूबलाइटच्या पट्टीवरचा तो जड चोक. विजेच्या दृष्टीने या तीन वेगळ्या जाती आहेत. कॉइल विजेला अडवतं आणि त्यात तापतं, तो रेझिस्टर. कपॅसिटर वीज साठवून ठेवतो. आणि चोक म्हणजे इंडक्टर. त्याला बदल आवडत नाही, प्रवाह वाढायला किंवा कमी व्हायला लागला की तो आडवा येतो. कपॅसिटरचा पूर्वज म्हणजे १७४५ च्या सुमारास सापडलेली लायडनची बरणी. रेझिस्टरचा नियम ओहमने १८२७ मध्ये मांडला आणि इंडक्टरमागचं तत्त्व फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं, बाहेरून वीज न घेता काम करणारे सर्किटचे मूळ घटक तीनच, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. रेडिओ आला, टीव्ही आला, ट्रान्झिस्टर आला, तरी मुळातले हे तीनच.

१९७१ साली लिऑन चुआ नावाच्या एका प्राध्यापकाने विचारलं, तीनच का?

चुआ मूळचे फिलिपिन्समधले, चिनी वंशाचे. शिकायला अमेरिकेत गेले आणि पुढे कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात शिकवू लागले. त्यांनी केलं ते इतकं साधं आहे की वाचताना आपल्याला वाटतं, हे मलाही सुचलं असतं. सर्किटमध्ये मोजायच्या राशी चार: व्होल्टेज, करंट, चार्ज (म्हणजे साठलेली वीज) आणि फ्लक्स (म्हणजे चुंबकीय प्रवाह). चार जणांच्या दोन-दोनच्या जोड्या किती होतात? सहा. त्यातल्या दोन जोड्या व्याख्येतच बांधलेल्या आहेत: चार्ज वाहतो त्यालाच करंट म्हणतात, आणि फ्लक्स बदलतो त्यातूनच व्होल्टेज येतं. राहिल्या चार. व्होल्टेज आणि करंट यांना जोडतो तो रेझिस्टर. व्होल्टेज आणि चार्ज यांना जोडतो तो कपॅसिटर. करंट आणि फ्लक्स यांना जोडतो तो इंडक्टर. आणि चार्ज आणि फ्लक्स यांना कोण जोडतो?

कुणीच नाही. तो खण रिकामा होता.

मेंडेलीवने मूलद्रव्यांचा तक्ता मांडताना काही घरं मोकळी सोडली होती आणि इथे कुणीतरी असणार असं सांगितलं होतं, ते आठवतं ना? हा त्यातलाच प्रकार. चुआंनी त्या न दिसलेल्या घटकाला नाव दिलं मेमरिस्टर, म्हणजे मेमरी असलेला रेझिस्टर. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच त्याला हरवलेला घटक म्हटलं होतं. आणि तो कसा वागेल हेही त्यांनी गणिताने काढून दाखवलं.

तो कसा वागेल? पायवाटेची कल्पना करा. गवतातून माणसं जात राहिली की वाट रुळते आणि पुढच्याला चालणं सोपं होतं. रात्री कुणी चालत नाही, पण म्हणून सकाळी वाट नाहीशी झालेली नसते. मेमरिस्टर तसाच: त्यातून जितकी वीज गेली असेल त्यानुसार त्याचा अडथळा बदलतो, आणि वीज बंद केली तरी तो बदल तसाच राहतो. फरक एवढाच की इथे उलट दिशेने चाललात तर गवत पुन्हा वाढतं! म्हणजे एका दिशेने वीज सोडली की वाट मोकळी, उलटी सोडली की वाट बुजली, आणि मधे थांबलात की जिथे होती तिथेच. साध्या रेझिस्टरला आपल्यातून आधी काय गेलं याचं काही देणंघेणं नसतं. याला असतं.

चुआंकडे नाव होतं, गणित होतं, वस्तू मात्र नव्हती. ट्रान्झिस्टर वगैरे जोडून त्यांनी मेमरिस्टरची नक्कल करणारं सर्किट बनवलं, पण त्याला बाहेरून वीज द्यावी लागे. म्हणजे नाटकातला राजा. १९७६ साली त्यांनी आणि सुंग मो कांग यांनी ही कल्पना आणखी रुंद केली. मग हा विषय बराच काळ कपाटात राहिला.

आता गंमत पहा. ज्या वागणुकीचं भाकीत चुआंनी केलं होतं, ती वागणूक लोकांनी त्याआधी ऐंशी वर्षं डोळ्यांनी पाहिलेली होती. नुसती पाहिलेली नव्हे, तिच्यावर वैतागून झालं होतं.

१८९० साली पॅरिसमध्ये एदुआर ब्रानली यांनी काचेच्या नळीत धातूचा कीस भरला. (इटलीत काल्झेक्की-ओनेस्ती यांनी थोडं आधी अशाच किसावर प्रयोग केले होते.) एरवी त्या किसातून वीज फारशी जात नाही, कण एकमेकांना धड टेकलेले नसतात. पण जवळपास कुठे विजेची ठिणगी पडली की कीस एकदम वीज वाहू देतो. ठिणगीतून निघणाऱ्या रेडिओ लहरींचा तो परिणाम. रेडिओ लहरी पकडायचं यंत्रच मिळालं! इंग्लंडच्या ऑलिव्हर लॉजने त्याला कोहिअरर म्हटलं, कारण कण एकमेकांना चिकटतात.

अडचण एकच होती. लहर निघून गेली तरी कीस ते विसरत नसे, तो वीज वाहू देतच राही. मग दुसरी लहर आलेली कळणार कशी? त्यावर उपाय काय, तर नळीला टिचकी मारायची! प्रत्येक लहरीनंतर घंटेची हातोडी नळीवर आपटून कीस हलवायचा, म्हणजे तो पूर्वपदावर येतो. रशियाच्या पोपॉव्हने १८९५ मध्ये ही टिचकी आपोआप बसेल अशी सोय केली. बिनतारी तारायंत्राची पहिली काही वर्षं त्या टकटकीवर चालली. त्या काळच्या इंजिनियरांच्या दृष्टीने ही स्मरणशक्ती म्हणजे यंत्राचा दोष होता आणि सगळी हुशारी तो घालवण्यात खर्च होत होती.

इथे आपले जगदीशचंद्र बोस येतात.

कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवता शिकवता, बेताच्या साधनांनिशी, बोस अगदी आखूड लहरींवर काम करत होते. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीची दारू उडवून दाखवली. त्यांनाही लहरी पकडायला कोहिअरर लागत होता आणि त्याच्या लहरीपणाचा त्यांनाही जाच होता. पण टिचकी मारून पुढे जाण्यापेक्षा, हे असं का होतं, याच्या ते मागे लागले. एकेक धातू घेऊन तपासला. लोखंडासारख्यांचा अडथळा लहर आल्यावर कमी होतो, पण पोटॅशियमचा उलट वाढतो, हे त्यांना दिसलं. म्हणजे प्रकरण नुसतं कण चिकटण्याचं नाही. १८९९ साली रॉयल सोसायटीपुढे त्यांनी जो निबंध मांडला त्याचा विषयच होता आपोआप पूर्वपदावर येणारा कोहिअरर. लोखंड, मधे पारा, पुन्हा लोखंड. याला टिचकीची गरज नाही, हा स्वतःच विसरतो!

१२ डिसेंबर १९०१ ला मार्कोनीने अटलांटिकच्या पलीकडून आलेला संदेश न्यूफाउंडलंडला ऐकला, तेव्हा त्याच्या कानाला लावलेल्या टेलिफोनला जोडलेलं उपकरण याच पाऱ्याच्या जातीचं होतं. ते इटलीच्या नौदलाकडून आलं असं सांगितलं जाई. १९९८ साली प्रबीर बंद्योपाध्याय यांनी अमेरिकेतल्या आयईईई या संस्थेच्या नियतकालिकात त्या उपकरणाचं मूळ बोसांच्या १८९९ च्या निबंधात आहे, असं पुराव्यांनिशी मांडलं.

पण माझ्या मते याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. त्याच सुमारास, १९०१ साली, बोसांनी धातूच्या कणांना लावलेला विजेचा दाब हळूहळू वाढवून, मग हळूहळू कमी करून प्रवाह कसा बदलतो त्याचे आलेख काढले. जाताना एक वाट आणि येताना दुसरी. म्हणजे कणांना आधी काय घडलं ते आठवतंय. मेमरिस्टरची ओळखच अशा आलेखाने पटते: जाण्या-येण्याच्या दोन वाटांचा फासा, आणि शून्यापाशी चिमटा काढल्यासारखा आवळलेला. २०१३ साली गौरव गांधी आणि वरुण अग्रवाल या दोन भारतीय संशोधकांनी खुद्द चुआंबरोबर एक निबंध लिहिला. त्यांनी लोखंडाचा कीस, बेअरिंगच्या गोळ्या अशा साध्या गोष्टींमधून वीज सोडून पाहिली आणि निष्कर्ष काढला की पहिले रेडिओ मेमरिस्टरवरच चालत होते. निबंधाचं शीर्षकही जवळपास तेच आहे, शेवटी उद्गारचिन्हासकट!

आता नातेवाइकांपैकी काही जण लगेच म्हणतील, बघा, हेही आपल्याकडेच आधी लागलं. (कोण ते मी लिहीत नाही, त्यांना कळेलच :-) ) तर त्यावर थोडं.

बोसांनी मेमरिस्टर शोधला का? मला वाटतं, नाही. त्यांनी तो पाहिला, जपून मोजला, त्याचे आलेख काढले, आणि मग ते दुसऱ्याच दिशेला गेले. सतत वापरलं की उपकरण मंदावतं आणि विश्रांती दिली की पुन्हा ताजंतवानं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. थकणाऱ्या स्नायूसारखं! त्यातून धातू, वनस्पती आणि प्राणी यांच्या प्रतिसादातलं साम्य शोधायचा त्यांना ध्यास लागला आणि १९०२ साली सजीव आणि निर्जीव यांच्या प्रतिसादावर त्यांचं पुस्तक आलं. धातूच्या आठवणीतून त्यांना जीवसृष्टीचा धागा दिसला, सर्किटचा चौथा घटक दिसला नाही. दिसणार तरी कसा? रिकामा खण असलेला तक्ताच अजून कुणी मांडला नव्हता. यात बोसांना कमीपणा नाही. उलट, बाकीचे टिचकी मारत होते तेव्हा हा माणूस थांबून बघत होता, याचं मला जास्त कौतुक वाटतं. ‘आधी आपल्याकडेच’ म्हणून टाळ्या वाजवल्या की नेमकं हेच कौतुक हरवतं.

आणि पाहूनही न ओळखण्याची ही गोष्ट बोसांपाशी थांबत नाही. १९६० साली स्टॅनफर्डमध्ये बर्नार्ड विड्रो यांना स्वतः शिकणारं यंत्र बनवायचं होतं. त्यांनी पेन्सिलीतलं शिसं तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवलं. वीज सोडली की शिशावर तांबं चढतं आणि अडथळा कमी होतो, उलट सोडली की तांबं उतरतं. त्याला त्यांनी नाव दिलं मेमिस्टर. नावात एका अक्षराचा फरक! पण त्याला दोनाऐवजी तीन टोकं होती, म्हणून तो चुआंच्या खणात बसत नाही. त्या कामात त्यांचा विद्यार्थी होता टेड हॉफ. पुढे इंटेलच्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरच्या शिल्पकारांपैकी एक तो हाच, आणि तो मायक्रोप्रोसेसर आला १९७१ मध्येच, चुआंच्या निबंधाच्या वर्षी. १९६२ साली हिकमॉट यांनी ऑक्साइडच्या पातळ थरांमध्ये असंच विचित्र वागणं नोंदवलं. १९६८ साली अर्गाल यांनी टायटॅनियम ऑक्साइडच्या थरात तेच पाहिलं. टायटॅनियमचं नाव लक्षात ठेवा.

१९९५ पासून कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथे एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टॅन्ली विल्यम्स यांचा गट अगदी बारीक स्विच बनवायच्या मागे होता. प्लॅटिनमच्या दोन तारा एकमेकींवर आडव्या ठेवायच्या आणि त्यांच्या मधे खास रेणूंचा एक थर. स्विच चालत होते, पण वेड्यासारखे वागत होते. गंमत म्हणजे रेणू बदलले तरी वागणं फारसं बदलत नव्हतं. म्हणजे ज्या रेणूंसाठी एवढा खटाटोप, त्यांचा यात हातच नव्हता! काम करत होता तो रेणूंवर दिलेला टायटॅनियमचा पातळ थर. त्याने ऑक्सिजन ओढून घेतला होता आणि त्याचं टायटॅनियम डायऑक्साइड झालं होतं. तेच जे आपल्या भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं.

२००२ च्या सुमारास ग्रेग स्नायडर या सहकाऱ्याने विल्यम्सना चुआंचा जुना निबंध दाखवला. त्यातला आलेख यांच्या आलेखासारखाच दिसत होता. तरीसुद्धा सगळं जुळायला आणखी काही वर्षं गेली. शेवटी उलगडा असा झाला: काही नॅनोमीटर जाडीच्या त्या थरात एका बाजूला ऑक्सिजनचे काही अणू कमी असतात. त्या रिकाम्या जागा विजेच्या दाबाने सरकतात. एका दिशेने सरकल्या की वाट मोकळी, उलट दिशेने सरकल्या की वाट बंद, आणि वीज काढली की जिथे आहेत तिथेच. आणि हे एवढी वर्षं नीट का दिसलं नाही? कारण थर हजारपट पातळ केला की हा परिणाम दहा लाखपट वाढतो. जाड वस्तूंमध्ये तो दबून जातो.

१ मे २००८ ला ‘नेचर’मध्ये स्ट्रुकॉव्ह, स्नायडर, स्ट्युअर्ट आणि विल्यम्स यांचा निबंध आला. शीर्षकाचा अर्थ: हरवलेला मेमरिस्टर सापडला. भाकितानंतर ३७ वर्षांनी.

इथे गोष्ट संपली असती तर फार छान झालं असतं. पण वाद लगेच सुरू झाला आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. टीकाकारांचं म्हणणं असं की चुआंच्या रिकाम्या खणात चार्ज आणि फ्लक्स यांचं नातं होतं, आणि एचपीच्या थरात चुंबकीय फ्लक्सचा पत्ताच नाही. मग खण भरला कसा? २०१५ साली व्होंगेर आणि मेंग यांनी तर हरवलेला मेमरिस्टर सापडलेला नाही अशा अर्थाच्या शीर्षकाचाच निबंध लिहिला. चुआंची बाजू अशी की फ्लक्स म्हणजे इथे व्होल्टेजची काळानुसार केलेली बेरीज, चुंबक असलाच पाहिजे असं नाही, आणि फासा तसा दिसला की तो मेमरिस्टर. २०११ साली त्यांनी अडथळा बदलून माहिती साठवणाऱ्या सगळ्याच उपकरणांना हे नाव लागू केलं. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. खण इतका रुंद केला की त्यात सगळंच बसतं, तर भाकिताची धार जाते. पण तो खण मांडला नसता तर विल्यम्सना आपल्या हातातलं वेडं यंत्र कळलंही नसतं, हेही तितकंच खरं.

नाव मिळालं की नावावर उधारीही मिळते! २०१० साली एचपीने हायनिक्सबरोबर करार केला, २०१३ पर्यंत मेमरिस्टरची मेमरी बाजारात आणू म्हणून. ती आली नाही. २०१४ साली ‘द मशीन’ नावाच्या भव्य संगणकाची घोषणा झाली, त्याच्या पोटात मेमरिस्टर असणार होते. पुढच्याच वर्षी ठरलं की आधी नेहमीच्या मेमरीवर भागवू. २०१७ मध्ये १६० टेराबाइट मेमरीचा नमुना दाखवला, तोही मेमरिस्टरशिवाय. दरम्यान पॅनासॉनिकने २०१३ साली याच जातीची थोडीशी मेमरी असलेल्या मायक्रोकंट्रोलर चिप गाजावाजा न करता बाजारात आणल्या.

आज या विषयातला जोर साठवणीपेक्षा शिकण्यावर आहे. आपल्या मेंदूत दोन पेशींमधला सांधा जितका वापरात येतो तितका घट्ट होतो. मेमरिस्टरही तेच करतो. २०१० साली मिशिगन विद्यापीठात वेई लू यांच्या गटाने त्याला अशा सांध्यासारखं वागवून दाखवलं. हॉजकिन आणि हक्स्ली यांनी १९५२ साली नळ माकुळाच्या जाड मज्जातंतूवरून मज्जासंस्थेतल्या विजेचं जे गणित मांडलं, त्यातल्या वाहिन्याही मेमरिस्टरच आहेत असं चुआंनी २०१२ मध्ये दाखवलं. म्हणजे धातूत आणि मज्जेत काही साम्य आहे का, असं विचारणारे बोस अगदीच भलत्या वाटेवर नव्हते. त्यांची सगळी अनुमानं टिकली नाहीत, पण प्रश्न टिकला.

२०२४ साली बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या श्रीतोष गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी रेणूंच्या थराचा मेमरिस्टर ‘नेचर’मध्ये मांडला. चालू आणि बंद अशा दोनच स्थितींऐवजी त्यात सुमारे १६,५०० पायऱ्या धरता येतात. सहलेखकांत स्टॅन्ली विल्यम्स आहेत! रेणूंचा यात हात नाही हे ज्याच्या प्रयोगशाळेत कळलं, तोच माणूस पुन्हा रेणूंपाशी. आणि आपल्या कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठाच्या नॅनोसायन्स विभागात, मेमरिस्टरवर बरीच वर्षं चिकाटीने काम चालू आहे, हे इथे आवर्जून नोंदवून ठेवतो.

तर सुरुवातीला म्हटलेला तो विचार. आपण शोधाचं श्रेय एका नावाला द्यायला बघतो. इथे पाहणारे वेगळे, विचारणारा वेगळा आणि ओळखणारे वेगळे. पाहणाऱ्यांकडे प्रश्न नव्हता, म्हणून त्यांना आठवण हा दोष वाटला. विचारणाऱ्याकडे वस्तू नव्हती, म्हणून त्याचा प्रश्न कपाटात पडून राहिला. आणि ओळखणाऱ्यांनाही निबंध हाती आल्यावर तो पटायला काही वर्षं लागली. या तिन्हींपैकी एक जरी वजा केला तरी गोष्ट पुरी होत नाही. मला विचाराल तर सगळ्यात अवघड काम मधलं, कारण वस्तू समोर नसताना, इथे काहीतरी असायला हवं, असं म्हणून ३७ वर्षं वाट पाहायची असते.

आणि सगळ्यात सोपं काम म्हणजे नळीला टिचकी मारून पुढे जाणं. ते आपण रोज करतोच.